मुक्कामी गाडी

तुळशीचं लग्न लागलं, आवळे-चिंचा-ऊस वाटून झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी ही माळ्यावरची निळी पिशवी खाली काढते. बोलत काही नाही. पिशवी झटकते, उन्हात टाकते, चेनला मेण चोळते. मग मी समजतो. शेजारच्या आबांकडे किल्ली द्यायची, मोटारीचा फ्यूज काढून ठेवायचा, मांजराचं काय ते बघायचं. मांजराचं दरवर्षी काहीच बघावं लागत नाही, ते आमच्या आधीच आबांकडे राहायला गेलेलं असतं.

आमचं गाव फलटणपासून जवळ. पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. याच आठवड्यात धनगरांचे वाडेही, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी बिऱ्हाडं, निघतात. दिवाळी झाली की माण-फलटणकडची मेंढरं घाट उतरून कोकणाकडे चालू लागतात, आणि वळवाचे ढग दिसायच्या आत परत येतात, कारण कोकणातला पाऊस या मेंढरांना सोसत नाही. खूर कुजतात. रस्त्याच्या कडेने वाडा चाललेला बघावा. पुढे बायका आणि घोडी. घोड्यावर भांडीकुंडी, घोंगड्या, वर पालथी घातलेली पाटी, तिच्यात कोंबड्या. एखादं पोर त्याच ओझ्यावर बांधलेलं, झोपलेलं. झोळीतून परवा जन्मलेल्या कोकरांची तोंडं बाहेर आलेली. मागे दोनेकशे मेंढरांचा ढग, कुत्री, आणि सगळ्यात मागे खांद्यावर काठी आडवी टाकलेला एक म्हातारा, ज्याला कशाचीच घाई नाही.

आम्हीही निघतो, पण आमचं ओझं घोड्याला पेलण्याजोगं नसतं. डाळिंबं, बाजरीचं पीठ, हुलगे, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी. कपडे त्यातून उरलेल्या जागेत.

मी एसटीत कंडक्टर होतो. १९८४ ला लागलो तो थेट महाड डेपोत. तिथे अकरा वर्षं काढली, मग बदली होऊन घरच्या बाजूला आलो आणि २०१६ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी ट्रे आणि वेबिल खाली ठेवलं. त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा निघालो. तेव्हापासून नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारी संपेपर्यंत आमचा पत्ता असा नसतो. महाड, दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण, मग फोंडा घाट चढून कोल्हापूर, सातारा, घर. मधे लहानमोठी चौदा घरं. आता दहा राहिलीत. गाडी स्वतःची नाही, घ्यायचीही नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना पुढे सरकायला सांगितलं, आता खिडकीशी बसतो. २०२३ साली मी पासष्टीत शिरलो आणि त्याच मार्चपासून बायकांनाही अर्धं तिकीट झालं. हल्ली आम्ही दोघं मिळून एक फुल.

लोक विचारतात, इतके मित्र कुठून आणलेत? त्याचं उत्तर ‘मुक्कामी गाडी’ या दोन शब्दांत आहे. ज्यांनी ती बघितलेली नाही त्यांना सांगतो. दिवसाची शेवटची गाडी डेपोतून निघून एखाद्या आडगावी जाते आणि रात्री तिथेच थांबते. सकाळी पहिली फेरी तिथूनच सुटते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. थंडीत देवळात, उन्हाळ्यात गाडीच्या टपावर, पावसात मागच्या लांब सीटवर. जेवणाचं ठरलेलं काही नसतं. डबा असतो, नसतोही.

माझी पहिली मुक्कामी ड्युटी महाड तालुक्यातल्या घाटाखालच्या एका गावी लागली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना आवडायचं नाही. पावसाळ्याचे दिवस, काचेवरचं पाणी पुसायला ड्रायव्हरकडे तंबाखूची पुडी, ती चोळली की काच घटकाभर साफ राहायची. शेवटचा स्टॉप म्हणजे एक पिंपळ. पिंपळाला लागून एक घर. गाडी बंद केली तर पावसाच्या आवाजाशिवाय काही नाही. तेवढ्यात कंदील घेऊन एक माणूस आला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, डोक्यावर इरलं. म्हणाला, “नवीन का? चला, भाकरी पडल्यात.”

मी बाजरीवर वाढलेला. तांदळाची भाकरी पहिल्यांदा तिथे खाल्ली. पांढरीशुभ्र, हाताला मऊ, आणि पाण्याच्या हाताने थापलेली, त्यामुळे वर बोटं उठलेली. सोबत सुकटीची चटणी. मला वाटलं ही पातळ दिसते, चार लागतील. दोनातच ढेकर आला. वहिनी चुलीपाशी हसत होत्या. त्यांना मी तोवर नीट बघितलंही नव्हतं.

तो माणूस म्हणजे भाऊ. पुढची अकरा वर्षं आठवड्यातून कधी दोनदा, कधी तीनदा मी त्या घरी जेवलो. फुकट जेवलो असं म्हणवत नाही, कारण कंडक्टर रिकामा येत नसे. महाडहून कुणाचं औषध, बॅटरीचे सेल, लग्नाच्या पत्रिका, दहावीचा निकाल असलेला पेपर, एकदा तर शिवणयंत्राचं चाक. सगळं ट्रेच्या शेजारी. सकाळी परतताना अळू, काकड्या, तालुक्याला पोचवायचे कागद. गाव मला खाऊ घालायचं आणि मी गावाला बाजार आणून द्यायचो. हिशेब कुणी मांडला नाही, पण तो बरोबर होता.

निवृत्तीनंतर पहिल्या खेपेला मी त्यांच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा हा हिशेब मला पहिल्यांदा जाणवला. आता माझ्याकडे गाडी नव्हती. गावात मोबाईल पोचला होता, औषधं मोटरसायकलवरून येत होती. मी आपला डाळिंबांची पिशवी घेऊन उभा.

आणि नेमकं त्याच वर्षी त्यांच्या खाचरात वाडा उतरला होता.

भाताची कापणी झालेली. नुसत्या धाटांचे खुंट. त्या खाचरात संध्याकाळी बायकांनी खुंट्या ठोकून वाघर ताणली, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि दिवेलागणीला मेंढरं आत घेतली. रात्रभर मेंढरं तिथे बसणार, लेंड्या टाकणार, मुतणार. सकाळी वाघर उचलायची आणि पुढच्या खाचरात ताणायची. असं करत चार-पाच रात्रींत भाऊंचं सगळं रान खतावलं जाणार. बदल्यात धनगराला भात, थोडे पैसे, चहापाणी. बोलणी आदल्या वर्षीच झालेली असतात. वाडेही ठरलेले, शेतंही ठरलेली. वाड्यातल्या म्हाताऱ्याच्या बापाने भाऊंच्या बापाच्या शेतात मेंढरं बसवली होती.

मी त्या म्हाताऱ्याशी बोलायला गेलो. गावाचं नाव सांगितलं तर तो शेकोटीपुढे सरकून बसला, म्हणाला, “म्हंजी आपलंच की.” आमच्या गावावरून तो वर्षाला दोनदा जातो. आमच्या विहिरीवर त्याची मेंढरं पाणी पितात. आणि मी त्याला पहिल्यांदा भेटत होतो ते शंभरावर किलोमीटर लांब, घाट उतरून. आमच्या दारावरून जाणारा माणूस ओळखायला मला सह्याद्री ओलांडावा लागला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मेंढरांचा आवाज येत होता. तो एकसारखा नसतो. मधेच एक कोकरू हाक मारतं, आई उत्तर देते, मग सगळा कळप कुशीवर वळल्यासारखा हलतो. ही जागीच होती. म्हणाली, “मेंढरं निदान लेंड्या टाकून जातात. आपण काय टाकून जातो?”

मी हसलो. तिला हसायचं नव्हतं.

सकाळी तिने तेच वहिनींना विचारलं, तोंडावर. आमच्याकडची माणसं अशीच. वहिनी भांडी घासत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. “वर्षातून एकदा गाद्या उन्हात पडतात त्या तुमच्यामुळं,” म्हणाल्या. “नाहीतर ह्यांना सांगून दमले मी. तुम्ही येणार म्हटलं की माळ्यावरनं उतरवतात, दोन दिवस कठड्यावर टाकतात, काठीनं झोडतात. त्या दोन दिवसांत मला जरा घर असल्यासारखं वाटतं.”

त्यांचा मुलगा पनवेलला. सणाला येतो, रात्री परत.

तर असं आमचं चालतं. दरवर्षी तेच तेच लिहिण्यासारखं नाही. दापोलीहून दाभोळला उतरलं की फेरीबोट असते, २००३ पासून ती पलीकडे धोपाव्याला सोडते. बोटीवर गाड्या, म्हशी, नवऱ्या मुली, बर्फाच्या पेट्या, सगळं एकत्र. रस्त्याने चिपळूणला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जातो. ही बोटीत बसत नाही, पुढच्या टोकाला उभी राहते आणि खाडी बघते. विहिरीशिवाय पाणी न बघता वाढलेली बाई. नऊ वर्षं झाली, अजून तशीच बघते.

पोलादपूरकडून महाडला येताना सावित्रीचा पूल लागतो. तिथे आम्ही दोघं बोलत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना इंग्रजांच्या वेळचा पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. त्या पुलावरून मी किती वेळा डबल बेल देत गेलो असेन, मोजदाद नाही. नवीन पूल १६५ दिवसांत उभा राहिला. चांगला रुंद आहे. तरी चाकाखाली पूल आला की माझा हात आपोआप वर दोरी शोधतो.

दोन-तीन हिवाळे हुकले. २०२० चा आजारपणाच्या भीतीने. २०२१ चा जास्त लागला. त्या जुलैत महाडला महापूर आला, तळियेवर दरड कोसळली, आणि हिवाळ्यात एसटीचा संप. माझीच माणसं संपावर, मी कुणाच्या नावाने बोलणार? भाऊंच्या घराला काही झालं नव्हतं, गोठ्याची भिंत तेवढी गेली होती. फोनवर ते म्हणायचे, “तुम्ही काय करणार हो येऊन?” खरंच होतं. पण त्या वर्षी वाडाही उशिरा उतरला, आणि भाऊंनी फोनवर मला मेंढरांचा आवाज ऐकवला. दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही, नुसती मेंढरं.

पाहुणचाराबद्दल एक चूक माझी सांगतो, म्हणजे कुणी मला शहाणा समजायला नको. गुहागर तालुक्यात आमचा एक जुना ड्रायव्हर राहतो, त्याला दादा म्हणतो. नारळी-पोफळीची वाडी, दारात पाट, मागे समुद्राची गाज. पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलं की माणूस उठतच नाही. तिसऱ्या वर्षी मी उठलो नाही. चार दिवस म्हणून गेलो होतो, नऊ झाले. सूनबाई रोज हसून विचारायची, आज काय करू? मला वाटायचं, किती हौस आहे पोरीला. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’, ही म्हण मी शाळेत वहीत लिहिलेली, तरी.

नवव्या दिवशी दुपारी ही मागल्या दारी वाळत घातलेले कपडे काढत होती. आत सूनबाई माहेरी फोनवर बोलत होती. आवाजात राग नव्हता, हे मुद्दाम सांगतो. फक्त म्हणाली, “नाही गं, अजून आहेत.”

ही कपडे घेऊन माझ्याकडे आली, पाटाशी उभी राहिली आणि हात वर करून हवेत दोनदा ओढल्यासारखं केलं. टिंग, टिंग. मी पाय पाण्यातून काढले. त्याच संध्याकाळी तवसाळ-जयगड फेरी धरली. दादा थांबवत होता, सूनबाईही थांबवत होती, आणि तिचं थांबवणं खोटं नव्हतं. निघणार म्हटल्यावर माणसाला खरंच वाईट वाटतं. पण त्यासाठी आधी निघावं लागतं. तेव्हापासून घंटी हिच्याकडे. ती कुठल्याही घरात, कितीही गप्पा रंगल्या असोत, बोटं दोनदा हलवते, आणि गाडी सुटते. दादाच्या घरी अजूनही जातो, तीन रात्री. सूनबाई आता भांडते, चौथ्या रात्रीसाठी.

सगळ्यात मजा आली ती आचऱ्याला. महाडच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो, त्यातला एक मालवण तालुक्यातला, आचऱ्याचा. त्याच्याकडे एकदा मार्गशीर्षात पोचलो तर घराला कुलूप नाही, पण आवराआवर चाललेली. पातेली, चटया, तांदळाचा डबा, पिंजऱ्यात कोंबड्या, दोरीला कुत्रा. मला वाटलं काही वाईट घडलं. तो म्हणाला, “बऱ्या येळेक इलास. गाव पळता हा, तू पण पळ.”

ती गावपळण. तीन-चार वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेतात, आणि कौल मिळाला की सगळा गाव वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, आजारी म्हातारी, बाळंतिणी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. पुन्हा कौल झाला की परत. कुणी म्हणतं भुतांसाठी गाव रिकामा करायचा, कुणी म्हणतं रोगराईसाठी. आमचा मित्र म्हणाला, कारण गेला खड्ड्यात, तीन दिवस बायको स्वयंपाकाला एकटी नसते हे काय कमी आहे?

वेशीपलीकडे झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिलेल्या. आमच्या वाट्याला अर्धी खोप आली. दुसऱ्या अर्ध्यात गावातले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची बकरी. रात्री भजन, फुगड्या, पत्ते. जेवायला कुणी कुणाला बोलवत नव्हतं. चालता चालता पान हातात यायचं. इतक्या घरी राहिलो, पण यजमान स्वतःच उघड्यावर आहे, त्याच्याही डोक्यावर झावळी आणि आमच्याही, असं कधी झालं नव्हतं. तिथे हिची घंटी चालेना. कुणाच्या घरून उठायचं, तेच कळेना! दुसऱ्या रात्री मी मित्राबरोबर वेशीपर्यंत चालत गेलो. पलीकडे गाव काळा पडलेला. इतकी वर्षं मुक्कामी गाडीने मी अंधाऱ्या गावांत शिरलो, पण त्या अंधारात कुठे ना कुठे चूल विझत आलेली असायची, कुणी खोकायचं. इथे काहीच नाही. मित्र बराच वेळ स्वतःच्या घराच्या दिशेने बघत राहिला. म्हणाला, “भायरसून बघला की आपला घर बरा दिसता.” आणि परत फिरला, पत्त्याचा डाव मोडला म्हणून.

परतफेडीचा प्रश्न तसाच आहे. आषाढात ज्ञानोबांची पालखी फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला असते, त्या रात्री आमच्या अंगणात पन्नासेक वारकरी झोपतात. दादा आला आहे दोनदा, आचऱ्याचा एकदा. भाऊंना मी दरवर्षी बोलवायचो आणि ते दरवर्षी म्हणायचे, लावणी आहे. आषाढात कोकणातला शेतकरी चिखलातून पाय कसा काढणार? माझ्या घरची बाजरीची भाकरी त्यांनी खाल्ली ती फक्त हिने त्यांच्याच चुलीवर थापलेली.

गेल्या पावसाळ्यात, लावणी आटोपल्यावर आठच दिवसांनी, भाऊ गेले. झोपेत. मुलाचा फोन आला तेव्हा घाट बंद होता, पुण्यावरून वळसा घालून दहाव्याला पोचलो. वहिनी पाया पडल्या, फार बोलल्या नाहीत. मुलगा म्हणत होता, आईला पनवेलला नेतो, शेत कुणाला तरी खंडाने देतो. बरोबरच होतं त्याचं.

तुळशीचं लग्न झालं. ही पिशवी काढेना. मीही विचारेना. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आमच्या दारावरून तोच वाडा गेला. म्हातारा आता घोड्यावर होता, चालवत नव्हतं त्याला. मी रस्त्यावर गेलो, भाऊंचं सांगितलं. त्याने घोडं थांबवलं, मुंडासं जरा सैल केलं. म्हणाला, “आवंदा मेंढरं बसवायचीत का न्हाईत, कोण सांगणार?” मी म्हणालो, फोन लावू का? तो म्हणाला, नको, जाऊनच बघतो.

मी आत आलो तर पिशवी उन्हात पडलेली होती.

सातारा, महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर, पूल, महाड. फोन केला नव्हता. केला असता तर वहिनी ‘या’ म्हणाल्या असत्या, आणि मग ते खरं की रीत म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. घर बंद दिसलं तर त्याच गाडीने परत फिरू, असं ठरवून दुपारची गाडी धरली. कंडक्टर कोवळा पोरगा, हातात मशीन. “दोन अर्धी,” मी म्हणालो, आणि शेवटच्या स्टॉपचं नाव सांगितलं. पूर्ण वाट ही पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली. डाळिंबं घेतली नव्हती, कुणाला द्यायची म्हणून. बाजरीचं पीठ मात्र होतं.

शेवटच्या वळणावर पिंपळ दिसतो, आणि पिंपळाच्या फांद्यांखालून अंगणाचा कठडा. ही माझ्या आधी उठून उभी राहिली, चालत्या गाडीत, दांड्याला धरून.

कठड्यावर गाद्या होत्या. आमच्या दोन, आणि त्यांच्या शेजारी भाऊंची. वहिनी काठी घेऊन झोडत होत्या, पदर नाकाला बांधलेला, आणि उन्हात कापसाची धूळ उडत होती.